फूट की मीटर? डीएनडीच्या टेबलावर मापं कशी बसवायची

डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून आपापलं पात्र घेऊन फाशांवर खेळायचा खेळ) याच्या पाचव्या एडिशनचं पुस्तक उघडलं की सगळीकडे फूट, मैल, पाउंड आणि गॅलन. नवीन ग्रुप जमला की दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला कोणीतरी बोलतंच, अरे हे सगळं मीटरमध्ये करून टाकूया ना, आपण काय अमेरिकेत राहतो का. मग अर्धा तास वाद, एकाचा मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडलेला, आणि गॉब्लिन (खेळातले छोटे राक्षस) बिचारे आपली पाळी यायची वाट बघत बसलेत.

वाद घालायच्या आधी एक गोष्ट बघा. आपल्याकडे मापांचा मामला मुळात अर्धा-अर्धा आहे. 1956 च्या कायद्याने दशमान पद्धत आली, शाळेत आपण मीटर-लिटर-किलो शिकलो, पण उंची विचारली की "पाच सात" असंच उत्तर येतं, फ्लॅटचा भाव स्क्वेअर फुटाने, गावची जमीन गुंठ्याने. म्हणजे जर्मन किंवा फ्रेंच प्लेअरला फूट जेवढा परका वाटतो तेवढा तो आपल्याला नाहीच. आपल्याला खरा त्रास होतो तो मैल, पाउंड, गॅलन आणि फॅरनहाइटचा. त्यामुळे माझं मत सरळ आहे: बॅटलमॅपवर (लढाईच्या चौकोनी घरांच्या नकाशावर) फूट राहू द्या, आणि मॅपच्या बाहेरचं सगळं (प्रवास, वजन, पाणी, तापमान) मेट्रिकमध्ये करा. खिचडी वाटेल, पण आपण रोज अशीच खिचडी बोलतो, टेबलावर वेगळं कशाला वागायचं.

आता कसं करायचं ते बघू.

मॅपवर: आधी घरं मोजा

मॅपवरचा एक चौकोन म्हणजे पाच फूट. बुद्धिबळात जसं घर म्हणतो तसं घर म्हणा आणि शक्यतो बोलताना घरांतच बोला. माणसाचा स्पीड 30 फूट म्हणजे सहा घरं. फायरबॉलची (आगीच्या गोळ्याचा मंत्र) त्रिज्या 20 फूट म्हणजे चार घरं. डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) 60 फूट, बारा घरं. चौथ्या एडिशनने 2008 मध्ये हेच केलं होतं, सगळं थेट स्क्वेअरमध्ये लिहिलेलं, आणि बाकी त्या एडिशनला लोकांनी कितीही शिव्या घातल्या तरी ही सोय मस्त होती. घरांत मोजलं की फूट-मीटर भांडणाचा निम्मा भाग तिथेच संपतो, कारण पाच फूट लिहा नाहीतर दीड मीटर लिहा, सहा घरं ती सहाच.

ऑनलाइन खेळणाऱ्या ग्रुपला तर याचा फारच फायदा होतो. एक जण पुण्यात, एक म्युनिकमध्ये, एक न्यू जर्सीत असं टेबल आजकाल सर्रास असतं, आणि म्युनिकवाल्याकडे जर्मन पुस्तक असेल तर त्याच्या कॅरेक्टरचा स्पीड 9 मीटर लिहिलेला असतो. फ्रेंच, इटालियन पुस्तकांतही तेच, पाच फुटाला दीड मीटर. घरांत बोलायला लागलात की तिघांचंही जमतं.

पण नुसती घरं मोजत बसलात तर सीन मेल्यासारखा वाटतो, लढाई कमी आणि सापशिडी जास्त. डोळ्यासमोर जागा यायला हवी. इथे फूट कामाला येतात कारण मराठी माणसाला दहा बाय बाराची बेडरूम म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. दहा बाय बारा म्हणजे मॅपवर दोन घरं बाय दोन घरं आणि वर थोडी किनार. तेवढ्या खोलीत चार हिरो आणि दोन गॉब्लिन घातले तर सगळेच एकमेकांना खेटून, धनुष्यवाल्याला डिसअॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा), आणि फायरबॉल टाकायचा विचारसुद्धा करू नका.

आता विकतच्या अॅडव्हेंचरमधला कुठलाही मॅप घ्या. "छोटी गार्डरूम" म्हणून जी दाखवतात ती सहा घरं बाय आठ घरं असते, म्हणजे 30 बाय 40 फूट, बाराशे स्क्वेअर फूट! दोन छोटे टूबीएचके मावतील त्यात. वीस बाय वीस घरांचा सिंहासनाचा हॉल म्हणजे दहा हजार स्क्वेअर फूट, सव्वानऊ गुंठे जवळजवळ. हे चूक नाही, मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती) हलवायला जागा लागते म्हणून मॅप फुगवलेले असतात, पण डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) हे माहीत असलं की वर्णन करताना तो "अरुंद खोली" म्हणणार नाही. उलटं पण होतं: स्वतः मॅप काढताना लोक मनातल्या खोलीचा अंदाज घेऊन तीन बाय तीन घरांत दरोडेखोरांचा अख्खा अड्डा बसवतात आणि मग कोणाला हलायला जागाच नाही. मॅप काढायच्या आधी घरातली टेप घेऊन स्वतःचा हॉल एकदा मोजा, दहा मिनिटांचं काम आहे, जन्मभर उपयोगी पडेल.

लांबच्या अंतराला क्रिकेटचं पिच वापरा. स्टंपपासून स्टंपपर्यंत 22 यार्ड, म्हणजे 66 फूट, म्हणजे 20 मीटर आणि वर थोडं. डार्कव्हिजन म्हणजे साधारण एक पिच. फायरबॉल टाकता येतो 150 फुटांपर्यंत, सव्वादोन पिच. शॉर्टबोची (छोट्या धनुष्याची) लांब रेंज 320 फूट आहे आणि मोठ्यात मोठ्या ग्राउंडची बाउंड्री पिचपासून 90 यार्ड म्हणजे 270 फूट, म्हणजे तुमचा रोग (Rogue, चोर-टाइप पात्र) पिचवर उभा राहून बाउंड्रीच्या पलीकडे प्रेक्षकांत बसलेल्या माणसाला बाण मारतोय (डिसअॅडव्हांटेजने का होईना). लाँगबोचे 600 फूट म्हणजे नऊ पिच. हे असं सांगितलं की प्लेअर लगेच "नाही रे, एवढ्या लांबून दिसणारच नाही तो" म्हणतो, आणि तेच पाहिजे असतं. "600 फूट" ऐकून कोणी काही म्हणत नाही.

(त्याच हिशोबाने बघितलं तर डॅश करणारा (पाळीत नुसता धावणारा) हिरो सहा सेकंदांत 60 फूट जातो आणि आपला गल्लीतला बॅट्समन चोरटी रन तीन-साडेतीन सेकंदांत काढतो. पुस्तकातले हिरो स्लोच आहेत. आर्मर आहे, लढाई चालू आहे, सोडून द्या.)

मीटरच हवेत असं ठरलं तर

काही ग्रुपला फूट नकोच असतात, शाळकरी मुलं घेऊन खेळत असाल तर खासकरून, त्यांना मीटरच कळतात. मग खरं रूपांतर करू नका. एक फूट म्हणजे 30.48 सेंटिमीटर हे विसरून जा. फुटाच्या आकड्यातलं शेवटचं शून्य काढा आणि तिनाने गुणा, झालं. 30 चे 9, 60 चे 18, 120 चे 36, 150 चे 45, 600 चे 180. पाच फूट असेल तर दीड. युरोपातली पुस्तकं हेच करतात. लाँगबोच्या 600 फुटांत खरा फरक पडतो तीन मीटरचा, म्हणजे दोन घरं, त्यावरून आजवर कोणाचा जीव गेलेला नाही.

पडण्याचं डॅमेज दर दहा फुटांना एक डी सिक्स (सहा बाजूंचा फासा), ते दर तीन मीटरला एक डी सिक्स करा, वीस डी सिक्सची मर्यादा 200 फुटांवर येते ती 60 मीटरवर येईल. धावत येऊन लांब उडी म्हणजे स्ट्रेंग्थ (पात्राच्या ताकदीचा आकडा) जेवढी तेवढे फूट, इथे मात्र जरा अडचण आहे कारण स्ट्रेंग्थ 13 असेल तर 13 फूट म्हणजे 3.9 मीटर आणि दरी किती रुंद हे तुम्हीच ठरवणार, तर दरी दीडच्या पटीत ठेवा, तीन मीटर, साडेचार, सहा. उडीचा आकडा एकदाच काढून पात्राच्या शीटवर लिहून ठेवायला सांगा.

दीडचा एकच वैताग आहे, बेरीज. सात घरं साडेदहा मीटर, नऊ घरं साडेतेरा, रात्री अकरा वाजता डोकं चालत नाही. म्हणून काही लोक एक घर दोन मीटर धरतात. चालेल, पण मग सगळे आकडे घरांतूनच काढा, स्पीड 30 फूट म्हणजे सहा घरं म्हणजे 12 मीटर. अर्धे आकडे दीडने आणि अर्धे दोनने असं झालं की स्पेल छोटे आणि माणसं फास्ट, असला प्रकार होतो. मला स्वतःला दीडच बरा वाटतो कारण पुस्तकाशी जवळ राहतो.

जुनी अॅडव्हेंचर चालवणार असाल तर मॅपच्या कोपऱ्यातली स्केल आधी वाचा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मॅपवर एक घर बहुतेक वेळा दहा फुटांचं असतं, पाच फुटांचं नाही. 1974 च्या मूळ खेळात तर अंतरं इंचात लिहिलेली होती, मिनिएचरच्या युद्धखेळातून आलेली सवय, एक इंच म्हणजे अंधारकोठडीत दहा फूट आणि उघड्यावर दहा यार्ड. तिथला मॅप जसाच्या तसा आजच्या ग्रिडवर टाकला तर खोली लांबीत निम्मी आणि क्षेत्रफळात पाव होते, आणि त्यात बसवलेला ड्रॅगन मावत नाही.

प्रवास: इथे मैल फेकूनच द्या

पुस्तकात साधा प्रवासाचा वेग तासाला तीन मैल, आठ तासांत 24 मैल. हे 38.6 किलोमीटर होतात. तासाला 5 आणि दिवसाला 40 किलोमीटर धरा. फास्ट 30 मैल ते 50 किलोमीटर, स्लो 18 मैल ते 30. हेक्स मॅप (षटकोनी घरांचा नकाशा) वापरत असाल तर नेहमीचा सहा मैलांचा हेक्स दहा किलोमीटरचा करा, दिवसाला चार हेक्स, एकदम नीट बसतं. मैलापेक्षाही नीट बसतं खरं तर.

फक्त 40 किलोमीटर म्हणजे किती हे प्लेअरला जाणवू द्या. माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा टप्पा, दिवेघाट चढून, तीस-बत्तीस किलोमीटरचा आहे आणि वारीतला सगळ्यात मोठा टप्पा म्हणून त्याचं नाव आहे. पुस्तकातला हिरो पाठीवर चिलखत, दोर, तंबू घेऊन त्याहून जास्त चालतो, रोज, आणि संध्याकाळी वर लढतो. मी सह्याद्रीसारखा डोंगराळ भाग असेल तर सरळ स्लो पेस लावतो, 30 किलोमीटर, घाट असेल तर 20. नियमात डिफिकल्ट टेरेनला वेग निम्मा होतोच, तोच वापरला तरी आकडा तिथेच येतो.

वजन आणि सोनं

एक पाउंड म्हणजे अर्धा किलो. खरं तर 0.45 आहे, जाऊ दे. सोबत वागवता येणारं वजन स्ट्रेंग्थ गुणिले 15 पाउंड, ते स्ट्रेंग्थ गुणिले साडेसात किलो करा. स्ट्रेंग्थ 10 वाला 75 किलो, 16 वाला 120. प्लेट आर्मर 65 पाउंड, साडेबत्तीस किलो. ग्रेटस्वॉर्ड सहा पाउंड म्हणजे तीन किलो, बस्स, सिनेमात दाखवतात तसली वीस किलोची तलवार कुठेच नसते. 2014 च्या पुस्तकातला पन्नास फूट साधा दोर दहा पाउंड, पाच किलो. सगळ्या गोष्टी एकाच गुणोत्तराने बदलल्या की आतलं गणित बिघडत नाही, म्हणून वजनाच्या बाबतीत अर्ध्या किलोवर ठाम राहा, एखाद्याने मध्येच 0.4536 ने गुणायला सुरुवात केली तर त्याला चहा करायला पाठवा.

आता गंमत नाण्यांची. पुस्तकात 50 नाण्यांचं एक पाउंड, म्हणजे आपल्या हिशोबात 100 नाण्यांचा एक किलो, म्हणजे एक नाणं दहा ग्रॅम. आणि सराफाकडे आज तोळा म्हणतात तो दहा ग्रॅमच! (जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, पण दुकानात आता तो चालत नाही.) थोडक्यात एक गोल्ड पीस म्हणजे एक तोळा सोनं. हे एकदा टेबलावर सांगा आणि मजा बघा. हीलिंग पोशन 50 गोल्ड पीस, पन्नास तोळे. साधी लाँगस्वॉर्ड पंधरा तोळ्यांची. प्लेट आर्मर पंधराशे तोळे. कुठल्याही मराठी घरातल्या प्लेअरला एक तोळा किती हे लग्नसराईतून पक्कं माहीत असतं, त्यामुळे तो "सराईवाल्याला टिप दोन गोल्ड" म्हणताना पहिल्यांदाच थबकतो. माझ्या मते त्या जगात सोनं इतकं स्वस्त असणं हे जरा खटकतंच, म्हणून मी रोजचा व्यवहार चांदीवर आणतो, पुस्तकात जिथे गोल्ड लिहिलंय तिथे सिल्व्हर वाचायचं, आणि खजिनाही तसाच. सगळ्यांनी मान्य केलं तरच करा मात्र, मध्येच केलं तर बोंब होते.

दहा हजार सोन्याची नाणी सापडली तर ती शंभर किलो आहेत. उचलणार कोण, कशात नेणार, हे विचाराच. पाउंडात विचारलं की प्लेअर मान डोलावतात. किलोत विचारलं की खेचर शोधायला लागतात.

पाणी, ऊन, उंची

माणशी रोज एक गॅलन पाणी, ते चार लिटर करा, उन्हात आठ. जेवण रोज एक पाउंड, अर्धा किलो. सोपं आहे.

तापमानाचं मात्र नीट बघा. पुस्तकात अति उष्णता 100 फॅरनहाइटला सुरू होते, म्हणजे 38 सेल्सिअस, त्याच्या वर पाणी नसेल तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणाचा फासा टाकून ठरलेला आकडा गाठायचा), पाचपासून सुरू आणि दर तासाला एकाने वाढत, नापास झालात की एक्झॉशन (थकवा). आता मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला 38 म्हणजे "आज जरा बरं आहे" असा दिवस. विदर्भातल्या प्लेअरसमोर हा नियम वाचलात तर हसतील. मी ती रेषा 42 वर नेतो आणि पाणी-सावली असेल तर रोलच नाही. अति थंडी शून्य फॅरनहाइटला आहे, शून्य सेल्सिअसला नाही! ते उणे 18 होतं. हा गोंधळ फार होतो, महाबळेश्वरला दवबिंदू गोठले म्हणून पार्टीला सेव्ह मारायला लावू नका.

उंचीचा नियम 10,000 फुटांपासून लागतो, म्हणजे 3000 मीटर. कळसूबाई 1646 मीटर. सह्याद्रीवर बेतलेल्या कँपेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या कथेत) तो नियम कधीच लागणार नाही, हिमालयात गेलात तर लावा.

आपली जुनी मापं वापरायची असतील तर

गडकोटांच्या काळातलं कँपेन चालवताय आणि तिथला माचीवरचा म्हातारा "इथून बारा किलोमीटर" म्हणाला तर मूड जातो. जर्मनीतल्या, 1984 मध्ये आलेल्या 'दास श्वार्झे आउगे' या खेळाने यावर छान तोडगा काढलाय: पात्रांच्या तोंडी जुनी नावं, आत मेट्रिक. त्यांचा पाऊल म्हणजे एक मीटर, मैल म्हणजे एक किलोमीटर, दगड म्हणजे एक किलो. डीएमला काही रूपांतर करावंच लागत नाही.

आपल्याला हे आणखी सोपं आहे. एक कोस तीन किलोमीटर धरा (खरा कोस प्रांताप्रमाणे बदलायचा, त्यात पडू नका), दिवसभराची चाल तेरा कोस, घाटात सात. एक हात दीड फूट, त्यामुळे दहा हात म्हणजे तीन घरं. वीत म्हणजे अर्धा हात. विहिरीची, दरीची खोली पुरुषात, एक पुरुष सहा फूट, पाच पुरुष पडलात तर 30 फूट आणि तीन डी सिक्स. शेर म्हणजे एक किलो. आणि मण चाळीस शेरांचा, खऱ्या वजनाने सव्वासदतीस किलो, आणि इथे असं जुळून येतं की मला ते फार आवडतं: स्ट्रेंग्थला पाचाने भागलं की तो माणूस किती मण वागवेल ते मिळतं. स्ट्रेंग्थ 10 ला दोन मण, 15 ला तीन, 20 ला चार. साडेसात किलोच्या हिशोबाशी जवळजवळ तंतोतंत. शेर किलोचा धरला आणि मण चाळीस शेरांचा, तर मणात अडीच-पावणेतीन किलोचा फरक पडतो, तो बाजारात हमालीत गेला म्हणायचं.

दुसरे खेळ

सगळ्याच खेळांत ही कटकट नाही. 'ट्रॅव्हलर' 1977 पासून मीटरमध्येच आहे, जहाजाच्या मॅपवरचं घर दीड मीटर. 'शॅडोरन' मीटरमध्ये. 'गर्प्स'मध्ये एक षटकोन एक यार्ड, तो बिनधास्त एक मीटर म्हणा, त्यांचं पुस्तकच खेळापुरतं तसं धरायला सांगतं. 'डंजन वर्ल्ड'सारख्या खेळात तर हाताशी, जवळ, लांब एवढंच असतं, टेप गुंडाळून ठेवा.

ऑनलाइन टेबल

रोलट्वेंटी, फाउंड्री, आउलबेअर या ऑनलाइन खेळायच्या सगळ्या प्लॅटफॉर्मवर ग्रिडची स्केल आणि युनिट बदलता येतं. पाच फूट काढून दीड मीटर टाकायला एक मिनिट लागतं. पण तिथे थांबू नका. मशालीचा उजेड, ऑरा, स्पेलचे टेंप्लेट यांचे आकडे बऱ्याच वेळा नुसते आकडे म्हणून साठवलेले असतात, युनिट बदललं तरी आकडा तोच राहतो. मशालीच्या 20 फुटांचे 20 मीटर झाले की अख्खी गुहा ट्यूबलाइट लावल्यासारखी उजळते, आणि फायरबॉल चार घरांऐवजी तेरा घरांचा होतो. काही सिस्टिममध्ये मेट्रिकची वेगळी सेटिंग आहे जी हे आपोआप करते, तुमच्याकडे ती असेल तर तीच चालू करा आणि ग्रिडला हाताने हात लावू नका. नसेल तर सेशनच्या आधी रिकामा सीन उघडून एक टोकन ठेवा, त्याच्या हातात मशाल द्या, एक फायरबॉल टाका आणि घरं मोजा. उजेड चार घरं, अंधूक उजेड पुढची चार, फायरबॉल मधल्या बिंदूपासून चार. तिन्ही बरोबर आले तर प्लेअरना लिंक पाठवा.